दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य

कायद्याचा अभ्यास करणाऱ्या देशभरच्या विद्यार्थ्यांना 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हे नाव पाठ असते. माफीच्या साक्षीदारावर किती विसंबावे हा प्रश्न परीक्षेत आला की उत्तरात हा निकाल येतोच. पण हा दगडू कुठला आणि राज्याने त्याच्यावर खटला कशासाठी भरला, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना सांगता येते. आमच्याकडे पाथरीला नेमके उलटे आहे. इथे 'दगडू खटला' म्हटले तर समोरचा माणूस गोंधळून बघत राहतो, आणि 'मानवतच्या खुनांचं' असा विषय काढला की साठी ओलांडलेली कोणतीही बाई हातातले काम थांबवते. दोन्ही नावे एकाच प्रकरणाची आहेत. त्या दोन नावांना एकमेकांशेजारी ठेवावे, एवढ्यासाठी हा लेख.

पाथरीहून परभणीला निघाले की वाटेत मानवत लागते. आज तो स्वतंत्र तालुका आहे, पण त्या काळी मानवत पाथरी तालुक्यातच मोडत असे. कापसाची बाजारपेठ, नगरपालिका, जुने वाडे, वाड्यांच्या मागे परसदार आणि परसात कुठेतरी पिंपळ. 14 नोव्हेंबर 1972 ते 4 जानेवारी 1974 या जेमतेम चौदा महिन्यांत या गावात आणि गावाच्या शिवारात दहा जीव मारले गेले. त्यांत पाच मुली होत्या, वय साधारण दहा वर्षांच्या आसपास. चार बायका होत्या, तिशी ओलांडलेल्या. आणि एक तान्हे मूल होते. शेवटच्या दिवशी, 4 जानेवारीला, एक आई आपल्या दोन लेकींसह मारली गेली. मृतदेहांवरच्या जखमांचे वर्णन न्यायालयाच्या कागदांत आहे. ते इथे पुन्हा लिहायचे मला कारण दिसत नाही. त्या मुलींची नावेही मी लिहीत नाही, कारण त्यांची भावंडे आणि भाचरे याच तालुक्यांतून राहतात. एवढेच सांगतो की त्या नावांत हिंदू मुली होत्या तशा मुसलमान मुलीही होत्या, आणि सगळ्या गरिबाघरच्या होत्या.

काळ लक्षात घेतल्याशिवाय ही गोष्ट कळत नाही. 1972 म्हणजे मोठा दुष्काळ. मराठवाड्यात माणसे खडी फोडायला जात होती, अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी खात होती, कामावरच्या मुलांना सुकडी मिळत होती. घरातली मोठी माणसे दिवसभर दुष्काळी कामावर असली की पाणी, सरपण, शेण-गोवऱ्या ही कामे आठ-दहा वर्षांच्या पोरींवर येत. पोर एकटी रानात जाणे ही त्या वर्षी कुणाला विशेष गोष्ट वाटत नव्हती. पहिली मुलगी गेली, दुसरी गेली, तेव्हा मात्र दारे दिवसाढवळ्या लागू लागली. पोरींच्या शाळा बुडाल्या. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या बायका सांगत की त्या काळात पाणी आणायला जायचे तर चार-पाच जणींचा घोळका झाल्याशिवाय कुणी घागर उचलत नसे, आणि हे मानवतातच नव्हे तर पाथरीतही होते.

आता हे का घडले. सरकार पक्षाने न्यायालयापुढे जी कहाणी मांडली तिच्या मुळाशी दोन इच्छा होत्या: मूलबाळ व्हावे आणि गुप्तधन सापडावे. गावातल्या एका वजनदार घराशी जोडलेल्या एका बाईला संतान हवे होते, आणि वाड्यातल्या पिंपळाखाली धन पुरलेले आहे असा समज होता. त्या धनावर मुंजाबाची राखण आहे, त्याला कुमारिकांचे रक्त दिल्याशिवाय तो धन सोडणार नाही, असे भगताकडून सांगितले गेले, असा आरोप होता.

इथे थोडे थांबून मुंजाबाबद्दल बोलले पाहिजे, कारण या प्रकरणात सर्वांत मोठा अन्याय कुणावर झाला असेल तर त्या मुलींनंतर मुंजाबावर झाला. मुंज झाली आणि लग्नाआधीच वारला, असा मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, ही लोकसमजूत महाराष्ट्रभर आहे. परभणी जिल्ह्यात तो केवळ भुताचा प्रकार नाही, तो घरचा देव आहे. गावोगाव पिंपळाखाली शेंदूर लावलेला त्याचा दगड असतो, त्याला दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, नवसाने झालेल्या मुलाचे नाव मुंजाजी किंवा मुंजाभाऊ ठेवतात. आमच्याकडच्या कोणत्याही शाळेच्या हजेरीपटावर ही नावे सापडतील, महाराष्ट्रात इतरत्र ती क्वचितच दिसतील. मुंजाबा म्हणजे अकाली गेलेले पोरच. त्याच्यासाठी पोरींचे रक्त मागणे हे आमच्या लोकधर्मात कुठेच बसत नाही. हे मागणे भगताचे होते. देवाचे नाव त्याने घेतले, कारण देवाच्या नावाशिवाय कुणी त्याचे ऐकले नसते.

गुप्तधनाचा समजही आकाशातून पडलेला नव्हता. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. रझाकारांच्या धामधुमीत आणि पोलीस कारवाईच्या दिवसांत अनेकांनी दागिने, हाली रुपये जमिनीत पुरले होते. त्यातली काही माणसे परत आलीच नाहीत. जुन्या मातीच्या भिंती पाडताना कधीतरी खरेच नाणी निघत. त्यामुळे 'अमक्याच्या वाड्यात हंडा आहे' हे वाक्य इथे नुसती थाप म्हणून कुणी उडवून लावत नसे. मग त्याभोवती एक अख्खे शास्त्र तयार झाले. पायाळू, म्हणजे जन्मताना पायाकडून बाहेर आलेला माणूस, डोळ्यांत अंजन घातले की जमिनीखालचे धन पाहू शकतो, धनावर नाग बसलेला असतो, धन 'मागते'. काय मागते हे सांगायचा अधिकार मात्र भगताकडे. नारळ, मग कोंबडे, मग बोकड. प्रत्येक वेळी काही सापडले नाही की मागणी चढत जाते, कारण खाली धनच नाही हे भगताला कबूल करता येत नाही आणि आजवर केलेला खर्च वाया गेला हे यजमानाला कबूल करता येत नाही. मला या प्रकरणातली सर्वांत भीतीदायक गोष्ट ही चढती पायरी वाटते. वेड्या माणसाने अचानक केलेल्या कृत्यापेक्षा ती फार वेगळी आहे.

हा फरक पोलिसांच्या लक्षात यायला वेळ लागला असेल तर नवल नाही. तपासाची सूत्रे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आली. 1968 मध्ये मुंबईच्या फुटपाथवर झोपलेल्या माणसांना ठार करणाऱ्या रामन राघवला पकडण्याच्या कामाचे नेतृत्व त्यांनीच केले होते. तो एकटा माणूस होता, मनाने आजारी, त्याची उपासमार आणि त्याचे भास त्याच्यापुरते. मानवतमध्ये असा एकटा माणूस शोधून भागणार नव्हते. इथे सांगणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा, पोरीला फूस लावून नेणारा वेगळा आणि कोयता चालवणारा वेगळा, असा सरकार पक्षाचा दावा होता. त्यामुळे आजकाल या प्रकरणाला सरसकट 'सीरियल किलर'चे प्रकरण म्हणतात ते मला पटत नाही. मालिकेतल्या खुन्यामागे बहुधा एक मन असते. मानवतमागे एक व्यवहार होता, आणि त्या व्यवहाराला गावातल्या समजुतीचे भांडवल होते.

व्यवहारात अनेक माणसे असली की पोलिसांना एक वाट मोकळी होते: त्यांतला एखादा फोडायचा. कट गुप्त असतो, त्याला बाहेरचा साक्षीदार नसतो, म्हणून आतल्याच एकाला माफी देऊन त्याच्याकडून सगळे वदवून घ्यायचे. यालाच माफीचा साक्षीदार म्हणतात. मानवतच्या खटल्यात डझनाहून अधिक आरोपी होते, दगडू त्यांतलाच एक, आणि आतली बातमी सांगायला दोन माफीचे साक्षीदार. परभणीच्या सत्र न्यायालयात त्यांनी कट कसा रचला गेला, कोण कुठे गेले, काय ठरले हे सांगितले.

आता अडचण बघा. माफीचा साक्षीदार हा स्वतःच्या तोंडाने गुन्हेगार ठरलेला माणूस. तो बोलतो आहे तो पश्चात्तापाने की फास चुकावा म्हणून? त्याला पोलिसांना खूश ठेवायचे असते. स्वतःचा वाटा लहान आणि दुसऱ्याचा मोठा करून सांगायचा त्याला मोह असतो. आणि घडलेला प्रसंग त्याला खरोखर ठाऊक असल्यामुळे, त्या खऱ्या प्रसंगात एखादे निर्दोष नाव घुसडणे त्याला सर्वांत सोपे जाते. ऐकणाऱ्याला सगळे तपशील जुळताना दिसतात, म्हणून तेही नाव खरे वाटते.

1872 च्या भारतीय पुरावा कायद्यात याबद्दल दोन वाक्ये होती आणि ती एकमेकांशी भांडताना दिसत. कलम 133 म्हणे, गुन्ह्यातल्या साथीदाराच्या साक्षीला दुसरा दुजोरा नसला, तरी केवळ तेवढ्याने शिक्षा बेकायदा ठरत नाही. कलम 114 च्या एका उदाहरणात लिहिले होते की महत्त्वाच्या बाबींत दुजोरा नसेल तर साथीदारावर विश्वास ठेवू नये असे न्यायालय धरून चालू शकते. मग कोणते ऐकायचे?

19 एप्रिल 1977 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'दगडू' प्रकरणात निकाल दिला. न्यायपीठावर न्यायमूर्ती चंद्रचूड, गोस्वामी आणि शिंघल होते. निकाल यशवंत चंद्रचूड यांनी लिहिला, जे पुढच्याच वर्षी सरन्यायाधीश झाले. त्यांनी सांगितलेले सार असे: या दोन कलमांत भांडण नाही. एक कलम सांगते की कायद्याने काय चालू शकते, दुसरे सांगते की शहाणपणाने काय करावे. आणि हे शहाणपण न्यायालयांनी इतकी वर्षे इतक्या सातत्याने पाळले आहे की आता त्याला नियमाचेच बळ आले आहे. साथीदाराच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा हवा, आणि गुन्हा झाला एवढे दाखवणारा दुजोरा पुरेसा नाही. तो दुजोरा त्या विशिष्ट आरोपीपर्यंत पोहोचला पाहिजे. म्हणजे मुलगी मेली, जखमा सांगितल्याप्रमाणेच होत्या, हे सिद्ध झाल्याने 'अमुक माणूस तिथे होता' हे सिद्ध होत नाही.

हे वाचायला कोरडे वाटते. पण दहा मृतदेहांनी हादरलेल्या जिल्ह्यात हे म्हणायला काय लागत असेल याचा विचार करावा. लोकांना सगळे आरोपी फासावर हवे होते. न्यायालयाने प्रत्येक आरोपी वेगळा उचलून विचारले की याच्याविरुद्ध, माफीच्या साक्षीदाराचा शब्द बाजूला ठेवला तर, काय उरते? सत्र न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय या तीन पायऱ्यांवर सगळ्या आरोपींचे नशीब म्हणूनच एकसारखे राहिले नाही. आमच्याकडे अजून काही माणसे म्हणतात, 'न्यायालयानं सोडलं, पण आम्हाला ठाऊक आहे.' मला हे वाक्य आवडत नाही. ठाऊक असणे आणि सिद्ध होणे यांतले अंतर लहान वाटते, पण त्या अंतरात काय घडते ते पाहायला रशियात जावे लागेल.

रोस्तोव्हजवळ शाख्ती नावाचे कोळशाच्या खाणींचे गाव आहे. 22 डिसेंबर 1978 रोजी तिथे नऊ वर्षांची एक मुलगी मारली गेली, तिचा मृतदेह नदीत सापडला. पोलिसांनी अलेक्सांद्र क्राव्चेन्को नावाच्या तरुणाला धरले. तो जवळच राहत होता आणि किशोरवयात केलेल्या अशाच गुन्ह्यासाठी शिक्षा भोगून आलेला होता. त्या दिवशी तो घरी होता असे त्याची बायको सांगत होती. तिला दटावून तिचा जबाब बदलून घेतला गेला, आणि मारहाणीखाली क्राव्चेन्कोकडून कबुली मिळवली गेली. न्यायालयात त्याने ती कबुली नाकारली. त्याला झालेला मृत्युदंड एकदा रद्द होऊन कैदेत बदलला होता, पण पुन्हा खटला चालला आणि 1983 मध्ये त्याला मृत्युदंड देण्यात आला. त्याच्याविषयीही गावाला 'ठाऊक'च होते. आधीचा गुन्हा होताच.

तो खून आंद्रेई चिकातिलोने केला होता. 1936 मध्ये युक्रेनमध्ये जन्मलेला, रशियन साहित्याची पदवी घेतलेला, शाळेत शिकवणारा, बायको आणि दोन मुले असलेला माणूस. नंतर कारखान्यासाठी माल मिळवायची नोकरी लागली आणि गावोगाव रेल्वेने फिरणे आले. स्थानकांवर, बस थांब्यांवर एकटी दिसलेली मुले, मुली, बायका तो झाडीत नेत असे. 1984 मध्ये तो रोस्तोव्हच्या बस स्थानकावर पकडलाही गेला होता. पण मृतदेहांवर सापडलेल्या नमुन्यांचा गट त्याच्या रक्तगटाशी जुळला नाही, म्हणून खुनांच्या संशयातून सुटला. असे खुनी भांडवलशाही देशांत होतात, आपल्याकडे नाहीत, या सरकारी समजुतीमुळे वृत्तपत्रांतून लोकांना सावधही केले गेले नाही. 20 नोव्हेंबर 1990 रोजी तो अखेर पकडला गेला. 1992 मध्ये न्यायालयात त्याला लोखंडी पिंजऱ्यात बसवले होते, मृतांच्या नातेवाइकांपासून वाचवण्यासाठी. 52 खुनांसाठी त्याला मृत्युदंड झाला आणि 14 फेब्रुवारी 1994 रोजी गोळी घालून तो अमलात आणला गेला.

क्राव्चेन्कोला नंतर निर्दोष ठरवले गेले. शाख्तीच्या पहिल्या खुनाचा तपास मारहाणीच्या कबुलीवर न संपवता पुढे नेला असता, तर त्या 52 पैकी किती जण वाचले असते, हा प्रश्न मला झोपू देत नाही. चुकीच्या माणसाला शिक्षा झाली की खटला बंद होतो, आणि खरा खुनी मोकळा राहतो.

'दगडू' निकालात पोलिसांबद्दल जे लिहिले आहे ते याच संदर्भात वाचावे. गुन्हा उलगडण्याच्या उत्साहात पोलीस आपल्या अधिकाराची मर्यादा ओलांडतात आणि कोठडीच्या बंद दारामागे बळ वापरायचा त्यांना मोह होतो, ही प्रवृत्ती सुरुवातीलाच खुडली पाहिजे, असा त्याचा आशय. दंडाधिकाऱ्यांसमोर झालेल्या कबुलीजबाबांचीही न्यायालयाने बारकाईने चिरफाड केली. आरोपी कबुली देतो आहे ती स्वेच्छेने का, का देतो आहे, पोलिसांचा धाक तर नाही, हे विचारणे ही औपचारिकता नव्हे, तो त्या कबुलीचा प्राण आहे, हे त्यातून खालच्या न्यायालयांना कळले. जे प्रकरण इतके किळसवाणे होते, त्यात आरोपीच्या हक्कांविषयी इतक्या काळजीने बोलले जावे, याचा मला आमच्या जिल्ह्याचा माणूस म्हणून अभिमान वाटतो.

शिक्षेबद्दलही एक गोष्ट याच निकालाने बसवली. 1 एप्रिल 1974 पासून नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली होती. तिच्या कलम 235(2) प्रमाणे दोष सिद्ध झाल्यावर, शिक्षा ठरवण्याआधी, आरोपीचे म्हणणे पुन्हा ऐकणे आवश्यक झाले: त्याचे वय, घर, परिस्थिती. जिल्ह्याच्या न्यायालयांना हे नवे होते आणि अनेकदा राहून जाई. 1976 च्या संता सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही चूक गंभीर मानली होती. 'दगडू'मध्ये त्याच न्यायालयाने मार्ग दाखवला: खाली ऐकायचे राहिले म्हणून प्रत्येक खटला मागे धाडायला नको, वरचे न्यायालय स्वतःच ती संधी देऊ शकते, पण ती संधी खरी असली पाहिजे. फाशीच्या प्रत्येक खटल्यात आज हा टप्पा वेगळा घेतला जातो.

या सगळ्यात भगताचे काय? खून झाला तर खुनाचे कलम होते, पैसे लुबाडले तर फसवणुकीचे. पण 'धन रक्त मागते' असे सांगून एखाद्याच्या परसात खड्डा खणायला बसणाऱ्याला, रक्त सांडण्याआधी, धरण्याची सोय मानवतच्या काळात नव्हती. ती यायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्यांनी कायद्याच्या मसुद्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, मसुदे पातळ होत गेले, अडत गेले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. त्याच्या नावात 'महाराष्ट्र'नंतर लगेच 'नरबळी' हा शब्द येतो. अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये स्पष्टपणे नोंदली आहेत, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे, आणि अशा प्रकारांवर लक्ष ठेवायला पोलिसांतला दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे. त्या अनुसूचीतली ओळ वाचताना मला मानवतचा पिंपळ दिसतो.

या प्रकरणावर अमोल पालेकरांनी 1981 मध्ये 'आक्रीत' हा चित्रपट केला, पटकथा विजय तेंडुलकरांची. 2024 मध्ये मालिका आली, तेव्हापासून नव्या पिढीची मुले घरी विचारू लागली आहेत. त्यांना घरातली म्हातारी माणसे खून सांगतात, पिंपळ सांगतात, कोण कसे होते ते सांगतात. निकाल मात्र कुणी सांगत नाही.

त्या निकालाच्या बाबतीत अलीकडे एक लहानसा बदल झाला. 1 जुलै 2024 पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. जुन्या कलम 133 चे तिथे 138 झाले. पूर्वीचे वाक्य दुजोरा 'नसलेल्या' साक्षीवरची शिक्षाही बेकायदा नाही असे म्हणत होते. नव्या वाक्यात दुजोरा 'असलेल्या' साक्षीवरची शिक्षा बेकायदा नाही असे आहे. मानवतच्या दहा जणांच्या खुनांच्या खटल्यात न्यायाधीशांनी जे शहाणपण म्हणून सांगितले, ते सत्तेचाळीस वर्षांनी कलमाच्या अक्षरांत उतरले.